ऊस हार्वेस्टरचे आपोआप वळण: करवीर-शिरोळच्या फडावरील प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर

ऊस तोडणारे यंत्र सरीत आपोआप चालवायचे आणि सरीच्या टोकाला आपोआप वळवायचे, हा प्रकल्प. यंत्र चाकाचे, उसाची कांडी करणारे, एका वेळी एक सरी घेणारे. मागची दोन मोठी चाके ओढतात, पुढची लहान चाके वळतात. शेडमध्ये टेप लावून घेतलेली मापे: दोन आसांमधले अंतर ३.० मीटर, पुढच्या चाकाचा कमाल कोन ३५ अंश, रुंदीचा निम्मा भाग १.२ मीटर. कागदावर ३८ अंश लिहिले होते. उजवीकडे ३५ आणि डावीकडे ३६ भरला, म्हणून दोन्हीकडे ३५ धरला. कंपनीच्या पत्रकातला आकडा गणितात घ्यायचा नाही हे इथेच ठरले.

पहिले रान करवीरमधले: काळी जमीन, लावणीचा ऊस, पाच फुटी सरी. २० गुंठे म्हणजे साधारण ३२ बाय ६३ मीटर. कडेच्या दोन-दोन सऱ्या आणि दोन्ही टोकांचे सहा-सहा मीटर टोळीने हाताने तोडले. यंत्राच्या वाट्याला १७ सऱ्या उरल्या, प्रत्येकी ५१ मीटर.

ताशी ३.६ किलोमीटर वेगाने एका सरीला ५१ सेकंद लागतात. १७ सऱ्यांची निव्वळ कापणी साडेचौदा मिनिटांत होते. चालकाचे पुढे-मागे करून एक वळण सरासरी ४० सेकंदांचे. १६ वळणांना पावणेअकरा मिनिटे. दर पाच मिनिटांतली दोन मिनिटे यंत्र ऊस न कापता बांधालगत फिरत असते. पन्नास-शंभर एकरांच्या सलग रानासाठी लिहिलेले मार्गदर्शन सरळ रेषेच्या अचूकतेवर भर देते. आपल्याकडची तुकड्यांची जमीन पाहता मेहनत वळणावर घालायला हवी. सरळ सरीपुरते 'पुरेसे चांगले' चालेल.

२१ नोव्हेंबर

जोडलेले सामान:

दोन अँटेना, दोन पट्ट्यांवर काम करणारे आरटीके रिसीव्हर (जवळच्या स्थिर बेस स्टेशनकडून सुधारणा घेऊन उपग्रहांवरून सेंटीमीटरपर्यंत जागा काढणारे), अँटेनांमधले अंतर १.२ मीटर, केबिनच्या टपावर आडव्या. फिरण्याचा वेग आणि कल मोजणारे गायरो-अ‍ॅक्सिलरोमीटर टपावर न ठेवता चासीवर, मागच्या आसाजवळ. स्टिअरिंगला प्रपोर्शनल व्हॉल्व्ह (सिग्नलच्या प्रमाणात तेल सोडणारा), ऑर्बिट्रोलला, म्हणजे स्टिअरिंगच्या मूळ हायड्रॉलिक युनिटला, समांतर. ऑर्बिट्रोलच्या लाइनवर प्रेशर स्विच. चालकाने स्टिअरिंगला हात लावताच आपोआप चाल सुटते. पुढच्या उजव्या किंगपिनवर, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळते तिच्यावर, कोन मोजणारा हॉल सेन्सर.

एकाच अँटेनावर भागवायचा मोह होतो, कारण पुढे चालताना वेगाच्या दिशेवरून तोंड कुठे आहे ते कळते. पण रिव्हर्स टाकला की तीच दिशा १८० अंशांनी उलटते, आणि उभ्या यंत्राला तर दिशाच नसते. आपले निम्मे वळण रिव्हर्समध्ये आहे, त्यामुळे दुसऱ्या अँटेनाचा खर्च टळणारा नाही.

हॉल सेन्सरचे ब्रॅकेट कोल्हापूरच्या उद्यमनगरात ६ मिमी पट्टीतून करून घेतले. पहिल्या दिवशी दोन तासांत लिंकभोवती पाचटाचा वेढा बसून सेन्सरचा दांडा वाकला. जुन्या ट्रॅक्टर ट्यूबचे झाकण आणि वर क्लिप लावल्यावर पाचट घसरून जाते. झाकण प्लास्टिकचे नको, उन्हाने तडकते.

२३ नोव्हेंबर

व्हॉल्व्हची मृतपट्टी मोजली. डावीकडे सिग्नल १७ टक्क्यांपर्यंत आणि उजवीकडे २१ टक्क्यांपर्यंत चाक हलतच नाही. सिलिंडरला एकाच बाजूने रॉड असल्यामुळे दोन्ही दिशांचा वेगही सारखा नाही. दोन बाजूंची कोष्टके वेगळी ठेवली. एकच कोष्टक ठेवले तर यंत्र सरीत सापासारखे चालते, आणि दोष कंट्रोलरवर जातो.

सकाळी तेल गार असताना आदेश दिल्यापासून चाक हलेपर्यंत लागणारा वेळ दुपारच्या दीडपट भरला. म्हणून पहिली दहा मिनिटे तेल गरम करून मगच आपोआप चाल सुरू करायची.

२७ नोव्हेंबर

सरळ सरी. बेस स्टेशन रानापासून ४ किलोमीटरवरच्या घराच्या गच्चीवर. बेसपासूनच्या अंतराची चूक दर किलोमीटरला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे इथे नगण्य. खरी अडचण मोबाइल नेटवर्कची. उसात शिरले की सिग्नल घसरतो आणि सुधारणा उशिरा येतात. मोडेमची अँटेनाही टपावर नेली. स्वतःचा बेस नसेल तर सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स जाळ्यावर (कायम चालू असलेल्या बेस स्टेशनांच्या) नोंदणी करून सुधारणा घेता येतात. त्यालाही इंटरनेट लागतेच.

फिक्स, म्हणजे रिसीव्हरने सेंटीमीटरपर्यंत पक्की केलेली जागा, असूनही आडवी चूक १५-२० सेंमी दिसली. कारण सापडायला अर्धा दिवस गेला. टपावरची अँटेना जमिनीपासून ३.६ मीटर उंच. एक चाक सरीत आणि दुसरे वरंब्यावर चढून यंत्र ३ अंश कलले की अँटेना १९ सेंमी बाजूला जाते, तर बेस कटर, म्हणजे बुडाशी ऊस कापणाऱ्या चकत्या, जवळजवळ जागेवरच राहतो. गायरोचा कल घेऊन अँटेनाची जागा जमिनीवर उतरवल्यावर चूक ६ सेंमीच्या आत आली. पाच फुटी सरीत चूक १० सेंमीच्या वर गेली की बुडखे फाटायला लागतात आणि खोडवा विरळ फुटतो, म्हणून १० ही मर्यादा धरली.

सरीतला कंट्रोलर स्टॅन्ली पद्धतीचा. २००५ च्या डार्पा ग्रँड चॅलेंज या चालकाविना गाड्यांच्या अमेरिकेतल्या शर्यतीत पहिल्या आलेल्या स्टॅनफर्डच्या गाडीवर हीच पद्धत होती. दिशेची चूक, अधिक आडवी चूक गुणिले गुणक भागिले वेग याचा व्यस्त टॅन्जंट, एवढाच चाकाचा कोन. ती गाडी वाळवंटात धावत होती, आपण ऊस जाड लागला की सेकंदाला ०.३ मीटरवर येतो. गुणक ०.८ असताना १० सेंमी चुकीला त्या वेगात १५ अंशांचा कोन निघतो आणि चाक थडथडते. छेदात वेगाला ०.३ मिळवले की तोच कोन साडेसात अंशांवर येतो. बाकी काही बदलले नाही.

२ डिसेंबर

वळणाचे गणित. आसांमधले अंतर भागिले कोनाचा टॅन्जंट: ३.० भागिले ०.७० म्हणजे त्रिज्या ४.३ मीटर. सऱ्या दीड मीटरवर.

शेजारच्या सरीत पुढेच जात गोल फिरून शिरायचे, म्हणजे भोपळ्याच्या आकाराचे वळण घ्यायचे, तर वाट ३० मीटर होते आणि बांधाकडे १२.५ मीटर मोकळी जागा लागते. एवढी जागा कोणी देणार नाही.

माशाच्या शेपटीसारखे, म्हणजे पाव वर्तुळ पुढे, ७.१ मीटर सरळ मागे, पुन्हा पाव वर्तुळ पुढे: वाट २०.६ मीटर, जागा साडेपाच मीटर. परवडते, पण दोनदा थांबून दिशा बदलावी लागते. वेळ तिथेच जातो.

अर्धवर्तुळ घ्यायचे तर दोन सऱ्यांमध्ये किमान ८.६ मीटर हवेत, म्हणजे सहा सऱ्यांचे अंतर. वाट १४ मीटर, जागा तीच साडेपाच, थांबणे नाही.

मग 'पाच सोडून सहावी' अशी सरसकट उडी का घ्यायची नाही? इनफिल्डरमुळे, म्हणजे यंत्राशेजारून चालत कांड्या झेलणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमुळे. कांड्या वर नेऊन टाकणारा एलेव्हेटर ज्या बाजूला आहे तिकडे कापलेले रान हवे, नाहीतर इनफिल्डर उभ्या उसावरून चालेल. म्हणून बाहेरून आत जाणारा फेरा: डावीकडची कडेची सरी वर जाताना, उजवीकडची कडेची सरी खाली येताना, आणि असेच आत. या फेऱ्यात कापलेली बाजू कायम यंत्राच्या डाव्या हाताला राहते, वळण कायम उजवे, आणि एलेव्हेटर एकदाही फिरवावा लागत नाही. १७ सऱ्यांत अंतरे १६, १५, १४ अशी एकापर्यंत उतरतात. सहा किंवा जास्त अंतराची ११ वळणे अर्धवर्तुळाने झाली, शेवटची ५ माशाच्या शेपटीने.

५ डिसेंबर

वरचा क्रम कोरड्या रानात चालवला. १६ वळणांना ६ मिनिटे ५० सेकंद. आधीचे पावणेअकरा.

इनफिल्डरच्या ट्रॅक्टरवाल्याला यंत्र कोणत्या सरीत शिरणार ते आधी कळायला हवे, नाहीतर तो सवयीने शेजारच्या सरीला तोंड लावून उभा राहतो. त्याच्या डॅशवर दोन आकडी डिस्प्ले लावला, पुढच्या सरीचा नंबर दाखवणारा. मोबाइल अ‍ॅप करून पाहिले होते. धुळीत आणि उन्हात कोणी बघत नाही.

८ डिसेंबर

कागलकडचे रान, तिरका बांध. सऱ्या आणि बांध यांच्यात ६० अंशांचा कोन. शेजारची सरी ०.८७ मीटर पुढे संपते, सहा सऱ्यांपलीकडची ५.२ मीटर पुढे. वळणाची जागा चौकोन धरून आखली होती, त्यामुळे एका टोकाला यंत्र बांधावर चढायला निघाले. आता बांधाची कड चालत जाऊन कोपऱ्यागणिक बिंदू घेऊनच वळणे आखायची. सरीचे टोक म्हणजे शेवटचा बुडखा, बांध नव्हे. दोन्ही वेगळे नोंदवायचे.

१४ डिसेंबर

शिरोळ, नदीकाठचे मळीचे रान. वरून कोरडे, चार बोटांखाली ओल. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगा-कृष्णेचे पाणी या पट्ट्यातल्या उसात उभे राहिले होते. अशा रानात वापसा एकाच तुकड्यात तीन प्रकारचा असतो.

पहिल्याच अर्धवर्तुळात यंत्र सरीच्या तोंडापासून तीन मीटर बाहेर गेले. चाके पूर्ण ३५ अंशांवर होती, पण पुढची चाके वळण्याऐवजी चिखल ढकलत होती. गायरोवरून मोजलेला फिरण्याचा वेग गणिताच्या ७० टक्केच. म्हणजे त्रिज्या ४.३ नव्हे, ६.१ मीटर. प्रत्येक वळणाला वितभर खोल चर पडला. पुढच्या पाण्याला तिथे डबके साचणार, आणि शेतकरी पुढच्या वर्षी यंत्राला रानात पाय ठेवू देणार नाही.

१५ डिसेंबर

प्रत्यक्ष फिरण्याचा वेग भागिले गणिताचा फिरण्याचा वेग, याला 'वळणगुण' म्हणतो. कोरड्या रानात ०.९५ च्या आसपास, काल ०.७०.

आज कमाल कोन मुद्दाम २८ अंशांवर बांधला. वळणगुण ०.९० वर चढला. त्रिज्या निघते ६.२७ मीटर. पूर्ण कोनाला ६.१२ होती. म्हणजे सात अंश सोडून गमावले फक्त १५ सेंमी, आणि चर पडणे जवळपास थांबले. ओल्या रानात चाक पूर्ण मुरगाळणे म्हणजे नांगर धरणे. अनुभवी चालक हे हाताने करतातच: स्टिअरिंग थोडे सोडतात, वेग कमी ठेवतात. यंत्राला ते आकड्यात सांगावे लागते.

नियम असा बसवला. वळणाच्या पहिल्या दीड सेकंदाचे वाचन टाकून द्यायचे, कारण चाक अजून कोनावर पोचत असते. पुढच्या वाचनांचा मध्यक काढायचा. तो ०.८५ च्या खाली गेला तर कमाल कोन दोन अंशांनी कमी, २६ च्या खाली नाही. लागोपाठ तीन वळणे ०.९२ च्या वर राहिली तरच एक अंश परत वाढवायचा. पुढचे वळण नेहमी मोजलेल्या त्रिज्येने आखायचे. रानाच्या दोन टोकांचा हिशेब वेगळा, कारण पाटाकडचे टोक जवळजवळ नेहमी ओले.

ओल्या रानात परिणाम: अर्धवर्तुळाला १२.५ मीटर, म्हणजे नऊ सऱ्यांचे अंतर. १६ पैकी ८ वळणेच अर्धवर्तुळाने होतात. बांधाकडे सहा मीटर पुरत नाहीत, साडेसात हवेत. ते नसतील तर माशाच्या शेपटीचे पाव वर्तुळ दोन तुकड्यांत तोडून मध्ये एक जादा रिव्हर्स. हळू, पण चर नाही.

२४ डिसेंबर

सरीच्या टोकाचा क्रम. हा चुकला की नुकसान लगेच दिसते: उंच बुडखे, नाहीतर उकरलेली माती कांड्यांत.

शेवटचा बुडखा बेस कटरच्या खालून गेला की कटर वर. हायड्रॉलिकचा अर्धा सेकंद आधीच वजा करायचा, म्हणजे सेकंदाला एक मीटर वेगात अर्धा मीटर आधी आदेश. अंतर अँटेनापासून धरायचे नाही, कटरच्या चकतीपासून धरायचे. शेंडे छाटणारा टॉपर त्याच्या पुढे असतो, तो आधी उचलायचा. एलेव्हेटर मात्र लगेच बंद करायचा नाही. शेवटचा ऊस रोलर, चॉपर, पंखा ओलांडून वरच्या टोकाला पोचेपर्यंत आमच्या यंत्रावर सात सेकंद जातात. तेवढा वेळ यंत्र सरळच चालते, इनफिल्डर बाजूला राहतो, मग एलेव्हेटर थांबतो आणि वळण सुरू होते. एलेव्हेटर चालू ठेवून वळले की बांधावर कांड्यांचा सडा पडतो.

सात सेकंद म्हणजे सात मीटर, तेवढी जागा नाही. म्हणून टोकाआधी वेग निम्मा आणि शेवटच्या तीन सेकंदांत जागेवर थांबणे. ही तीन सेकंदे वाचवण्याचा प्रयत्न सोडून दिला.

६ जानेवारी

लोळलेला ऊस. इथे कॅमेरा आणि लायडार (लेझरने अंतर मोजणारा) दोन्ही फसतात. त्यांना सरी दिसत नाही, आडव्या उसाचा ढीग दिसतो. सकाळच्या धुक्यात आणि नंतर पंख्याने उडवलेल्या पाचटात तर ढीगही धड दिसत नाही. डिव्हायडरला, म्हणजे पुढे ऊस बाजूला सारणाऱ्या भागाला, लावलेला चाचपणीचा दांडा उभ्या उसात चांगला चालतो. लोळलेल्या उसात तो बुडख्याऐवजी आडव्या उसाला टेकतो आणि यंत्राला खोटी दुरुस्ती सुचवतो. दांड्याची दुरुस्ती ८ सेंमीपेक्षा मोठी निघाली तर ती धरायची नाही, असे बांधून टाकले.

खरा आधार फक्त आधी नोंदलेल्या सरीच्या रेषेचा. ती लावणीच्या वेळी घेतलेली असावी, किंवा ऊस दाटण्याआधी ड्रोनने. खोडव्यात मागच्याच रेषा चालतात.

लोळलेला ऊस ज्या दिशेला झुकला आहे त्याच दिशेने कापायचा, म्हणजे बुडका आधी आत जातो. उलट गेले तर शेंडा आधी शिरतो आणि रोलर चोंदतात. म्हणून एकाच दिशेने कापणी आणि रिकामे परत येणे. परतीची वाट कापलेल्या कोणत्याही सरीतून घेता येते, म्हणून ती मुद्दाम सहा-सात सऱ्या लांबची निवडायची: दोन्ही वळणे अर्धवर्तुळाने होतात. लोळलेल्या उसात वळण सोपे, फेरा महाग.

१९ जानेवारी

रिव्हर्समध्ये स्टॅन्ली चालत नाही. तो पुढच्या आसावर चूक मोजतो, आणि मागे जाताना तीच चूक वाढवत नेतो. रिव्हर्सला मागच्या आसाच्या मध्यावरून, तीन मीटर मागचा बिंदू धरून पाठलाग करणारा साधा कंट्रोलर. ७.१ मीटरच्या शेवटी चूक ५ सेंमीत. यंत्र रिव्हर्समध्ये असताना इनफिल्डर सरीच्या टोकाला थांबूनच राहील. याला अपवाद नाही.

३ फेब्रुवारी

सुरक्षा. चालक सीटवरच, सीट-स्विच सुटला की हायड्रॉलिक बंद. फडावरच्या मुकादमाकडे लाल बटणाचा रिमोट. रिमोट दर पाव सेकंदाला 'आहे' म्हणतो, एका सेकंदात आवाज आला नाही तरी यंत्र थांबते. बॅटरी संपली म्हणून यंत्र थांबले तर लोक वैतागतात आणि रिमोट बाजूला टाकायला बघतात. म्हणून दोन बॅटऱ्या, एक कायम चार्जिंगला.

नकाशात हाताने भरायच्या गोष्टी: कठडा नसलेली विहीर, विजेचा खांब आणि त्याचा ताण, ठिबकचे व्हॉल्व्ह, पाटाची चेंबरे, वरून जाणाऱ्या तारा. विहिरीभोवती पाच मीटर यंत्र जाणारच नाही. ताणाची तार कॅमेऱ्याला दिसत नाही आणि उसात माणसालाही दिसत नाही. रान चालत जाऊन बघण्याला पर्याय नाही. वळणाच्या पट्ट्यात दुपारी टोळीची माणसे सावलीला बसतात, मुले असतात. प्रत्येक वळणाआधी हॉर्न, आणि पट्ट्यात हालचाल दिसली तर वळण सुरूच होणार नाही.

११ मार्च

दिवसभर फिक्स पक्का. संध्याकाळी आठनंतर फ्लोट (जागा ढोबळच), परत फिक्स, परत फ्लोट. केबल, बेस, मोडेम सगळे तपासले, दोष नाही. उपग्रहांच्या सिग्नलची ताकद काही सेकंदांत खालीवर होत होती, तीही आकाशाच्या ठरावीक भागातल्या उपग्रहांचीच. अकराच्या सुमारास सगळे शांत.

हा आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा, खेळ. चुंबकीय विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात सूर्यास्तानंतर आयनांबरात कमी घनतेचे बुडबुडे वर चढतात आणि त्यांतून येणारा सिग्नल लुकलुकतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या विषुवकाळात, आणि सौरचक्राच्या शिखराजवळ, जोर जास्त. कोल्हापूर या पट्ट्यात येते. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे केंद्र आहे, आणि कोल्हापूरहून आकाश-कॅमेऱ्याने हे बुडबुडे टिपलेही आहेत. युरोपातल्या शेतांसाठी लिहिलेल्या पुस्तिकांत हे सापडत नाही, आणि आपल्याकडे तोड रात्रीही चालते.

रिसीव्हर बदलून हे जात नाही. जास्त उपग्रहमालिका घेतल्याने खंड कमी होतात, संपत नाहीत.

१३ मार्च

रात्रीचा नियम: फिक्स गेला आणि यंत्र सरीत असेल तर गायरो, चाकांचे फेरे आणि चाचपणीचा दांडा यांवर ती सरी पूर्ण करायची, वेग निम्मा. फिक्स नसताना आपोआप वळण नाही. वळणात चाके घसरतात, म्हणून चाकांच्या फेऱ्यांवरून काढलेली जागा तिथेच सर्वांत खोटी असते. चालकाने हाताने वळवायचे, किंवा फिक्स दहा सेकंद सलग टिकेपर्यंत थांबायचे. पहिला 'फिक्स' आला की लगेच विश्वास ठेवला तर तो कधी कधी चुकीचा असतो. परवा एकदा अर्ध्या मीटरने होता.

२२ मार्च

गाळप संपत आले. पुढच्या लावणीचे काम आताच सांगायचे, कारण वळणाची जागा तोडणीच्या दिवशी तयार होत नाही. आडसाली लावण जुलै-ऑगस्टला होईल. तेव्हा सरी सोडणाऱ्या ट्रॅक्टरवर आरटीके लावून रेषा जपून ठेवायच्या, सरी पाच फुटी, आणि दोन्ही टोकांना काळ्या रानात सहा, मळीच्या रानात साडेसात मीटर. ही पट्टी पडीक ठेवायला कोणी तयार होत नाही, तेही बरोबरच आहे. ३२ मीटर रुंदीच्या रानात दोन्ही टोकांची साडेसात मीटर म्हणजे जवळजवळ पावणेपाच गुंठे जातात. त्यात भुईमूग किंवा चारा घ्यावा आणि तोडणीआधीच्या दिवाळीपर्यंत पट्टी मोकळी करावी, असे दोघा शेतकऱ्यांशी बोलणे झाले आहे. एकाने चाऱ्याला होकार दिला. दुसऱ्याच्या रानात पाटाकडचे टोक आहे, तिथे पाट दोन मीटर सरकवता येतो का ते मे महिन्यात पाणी बंद झाल्यावर मोजायचे.